लोटस ४९ चं १:२० मॉडेल: जोडणी, रंगकाम आणि इंजिनाचं तारकाम

४ जून १९६७ रोजी हॉलंडमधल्या झांडव्होर्टला लोटस ४९ ही फॉर्म्युला वनची गाडी पहिल्यांदा शर्यतीत उतरली. ग्रॅहम हिलने पोल पोझिशन, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, मिळवली आणि आठव्या जागेवरून निघालेल्या जिम क्लार्कने शर्यत जिंकली. मॉडेल बांधणाऱ्याला मात्र या गाडीची रचना जास्त कामाची. अ‍ॅल्युमिनियमचा मोनोकॉक, म्हणजे सांगाडा आणि अंग एकच असलेला पुढचा भाग, चालकाच्या पाठीशी संपतो, त्याच्या मागच्या भिंतीला कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन थेट बोल्टने जोडलेलं आहे आणि मागचं सस्पेन्शन इंजिन व गिअरबॉक्स यांच्या आधाराने उभं आहे. इंजिनाखाली वेगळी चौकट नाहीच. मॉडेलमध्ये त्याचे दोन परिणाम होतात. इंजिन अर्धा अंश तिरकं बसलं तर चारपैकी एक चाक हवेत राहतं. आणि इंजिनावर झाकण नसल्यामुळे तुम्ही घातलेली प्रत्येक तार उघड्यावर दिसते, जाड असेल तर आणखीच दिसते. या लेखातला बराचसा मजकूर या दोन गोष्टींभोवती आहे. कॉकपिट आणि चाकं त्या मानाने सोपी.

टामिया कंपनीचा १:१२ (मूळ गाडीच्या बाराव्या हिश्श्याएवढा) आणि एब्रोचा १:२० असे या गाडीचे किट निघालेले आहेत. खालची मापं १:२० साठी आहेत. १:१२ करत असाल तर २० ऐवजी १२ ने भागा, पद्धत तीच.

आधी गाडी ठरवा

‘लोटस ४९’ एवढं ठरवून भागत नाही. कोणत्या शर्यतीची, कोणत्या चालकाची, हे ठरवा. एकाच मोसमात या गाड्या शर्यतीगणिक बदलत होत्या. झांडव्होर्टला क्लार्कचा क्रमांक ५ आणि हिलचा ६. पंख १९६८ मध्ये आले. ४९बीचे, म्हणजे १९६८ च्या सुधारित गाडीचे, भाग १९६७ च्या गाडीवर चढवले की जाणकाराच्या पहिल्या नजरेत पकडले जातात. तसंच सीटबेल्टचं. फॉर्म्युला वनमध्ये बेल्ट सक्तीचे झाले १९७२ मध्ये, आणि १९६७ चे बहुतेक चालक ते बांधत नसत. तेव्हा पितळेच्या कोरीव पत्र्याचा महागडा बेल्टचा संच या गाडीसाठी विकत घेऊ नका.

संदर्भासाठी त्या काळातले फोटो आणि आज संग्रहालयात असलेल्या गाड्यांचे फोटो वेगवेगळे ठेवा. आजच्या गाड्या कित्येकदा दुरुस्त झाल्या आहेत, नळ्या-तारा नव्या आहेत, रंग पुन्हा दिलेला आहे. भागाचा आकार समजून घ्यायला आजचा फोटो, आणि तो भाग त्या दिवशी गाडीवर होता का हे बघायला जुना.

सामान

नेहमीची कटर, चिमटे, क्राफ्ट नाइफ, बारीक कानशी हे सगळं असणारच. त्याशिवाय या कामाला लागतं ते असं:

- डिजिटल वर्निअर कॅलिपर. याच्याशिवाय तारकाम सुरू करू नका.
- छोटा गुण्या, आणि ५ ते ८ मिमी जाडीची सपाट काच, साधारण ए४ आकाराची.
- पिन व्हाइस आणि ०.३, ०.४, ०.५ व ०.८ मिमीचे ड्रिल बिट. ०.३ आणि ०.४ चे दोन-दोन घ्या, ते मोडतात.
- पाण्याचा पॉलिश पेपर ४००, ८००, १०००, २००० आणि ३००० नंबरचा. पहिले चार हार्डवेअरच्या किंवा गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळतात.
- चार प्रकारचं चिकट: प्लास्टिक विरघळवून जोडणारं पातळ सिमेंट, धातूसाठी सुपरग्लू, ३० मिनिटांचं इपॉक्सी आणि काचेसाठी पांढरं फेव्हिकॉल.
- राखाडी व पांढरा प्रायमर, पिवळा, हिरवा, क्लिअर (वरचा पारदर्शक थर) आणि लेव्हलिंग थिनर (रंग सपाट पसरू देणारं). एका बॉडीला हिरवा सुमारे १० मिली पुरतो. पातळ करून २० ते २५ मिली होतो.
- सेंद्रिय वाफा शोषणारं काडतूस असलेला मास्क. कापडी मास्क लॅकरच्या वाफेपुढे काहीच करत नाही.

हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर एअरब्रश धुवायला चांगलं. रंगात मात्र मिसळू नका: ते उघड्या प्लास्टिकला खातं आणि प्रत्येक डब्यातलं मिश्रण सारखं नसतं.

कोरडी जोडणी

भाग स्प्रूवरून, म्हणजे ते ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून, काढण्याआधी सगळे स्प्रू कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर उरला की रंग तिथेच डोळे वटारतो, म्हणजे गोल गोल मागे सरकतो.

मग मोनोकॉक, नाक, कॉकपिटचं वरचं आवरण, इंजिन आणि गिअरबॉक्स मास्किंग टेपने जोडून पाहा, चिकट अजिबात न लावता. नाक आणि मोनोकॉकमधली फट सगळीकडे सारखी हवी. इथे एक हिशेब लक्षात ठेवा. प्रायमर, रंग आणि क्लिअर मिळून सहज ०.१ मिमीचा थर होतो. समोरासमोरच्या दोन्ही कडांवर तो बसला की फट ०.२ मिमीने कमी होते. आज घट्ट बसणारं नाक रंगानंतर बसणारच नाही, आणि दाबून बसवलंत तर कडेचा रंग टवका होऊन निघेल. म्हणून कोरड्या जोडणीत या भागांमधून साध्या कागदाच्या दोन पट्ट्या एकत्र सरकल्या पाहिजेत. सरकत नसतील तर कडा ८०० च्या पेपरने उतरवा, आणि त्या आतल्या बाजूने उतरवा म्हणजे बाहेरची रेघ हलणार नाही.

साच्याच्या रेषा सस्पेन्शनच्या दांड्यांवर सर्वात जास्त असतात आणि तिथेच त्या लोक विसरतात. चाकूच्या पात्याची पाठ दांडीवरून हलक्या हाताने ओढा. पेपरने घासू नका. गोल दांडी चपटी होते. भागांवर चकाकता क्रोम असेल तर तो काढून टाका: ब्लीचच्या द्रावणात भाग बुडवले की अ‍ॅल्युमिनियमचा थर निघून जातो. खाली राहिलेलं वार्निश आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं जातं. हातमोजे घाला, आणि ब्लीचच्या भांड्यात दुसरं काहीही रसायन मिसळू नका.

काचेवरचा नकाशा

मूळ गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, २४१३ मिमी आहे. २० ने भागल्यावर १२०.६५ मिमी. पुढचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) १५२४ मिमी म्हणजे ७६.२ मिमी, मागचा १५४९ म्हणजे ७७.५ मिमी. आलेख कागदावर मधली रेघ काढा, तिला काटकोनात दोन रेघा १२०.६५ मिमी अंतरावर काढा, चार चाकांच्या मध्याच्या खुणा करा आणि हा कागद काचेखाली चिकटवा. जोडणीची प्रत्येक पायरी या काचेवर तपासायची.

इंजिनाचा ब्लॉक (मुख्य भाग), सम्प (तेलाचा तळ) आणि दोन्ही हेड (सिलिंडरवरचे भाग) जोडताना ब्लॉकचा पुढचा आणि मागचा पृष्ठभाग काचेला काटकोनात आहे का ते गुण्याने बघा. पातळ सिमेंट लावल्यावर साधारण दहा मिनिटं भाग हलवता येतात. त्या वेळात तो सरळ करा आणि मग रात्रभर हात लावू नका. सिमेंट वरून सुकलेलं दिसतं पण आत प्लास्टिक मऊ असतं. त्याच संध्याकाळी गिअरबॉक्स जोडला की त्याच्या वजनाने सांधा खाली झुकतो, आणि ते दुसऱ्या दिवशी कळतं.

मोनोकॉक आणि इंजिन यांचा सांधा सिमेंटने करू नका. तिथे ३० मिनिटांचं इपॉक्सी वापरा. हा सांधा रंगकामानंतर करायचा, दोन्ही भाग तोवर रंगलेले असतात आणि रंगावर सिमेंट धरत नाही. जोडाच्या जागचा रंग खरवडून काढा, नाहीतर चिकट रंगाला धरेल आणि रंग प्लास्टिकला सोडेल. इपॉक्सी लावून गाडी काचेवर ठेवा, चारही चाकं चिकणमातीने किंवा ब्लू टॅकने तात्पुरती लावा, मधल्या रेघेवर गाडी आणा आणि चाकांच्या खुणा जुळवा. आता गाडीच्या एका कोपऱ्यावर बोटाने हलकं दाबा. डगमगली आणि कर्णरेषेतली दोन चाकं, म्हणजे उदाहरणार्थ पुढचं डावं आणि मागचं उजवं, आळीपाळीने उचलली गेली तर दोष चाकात नाही. मोनोकॉक आणि इंजिन यांच्यात पीळ आहे. इंजिन हातात धरून उलट दिशेला किंचित फिरवा आणि पुन्हा ठेवा. एकच बाजू वर असेल आणि डगमगत नसेल, तर सस्पेन्शनचा हात आपल्या खाचेत पूर्ण गेलेला नाही. सगळं जुळल्यावर गाडीवर दोन बाजूंना सारखं, एकूण २०० ग्रॅमच्या आसपास वजन ठेवा आणि तासभर विसरून जा.

चाकं आणि सस्पेन्शन शेवटी लावू, तेव्हा बघू, असं म्हणून हा भाग टाळला की मग टायर एका बाजूने घासून गाडी टेकवण्याची पाळी येते. शेल्फवर ती फसवणूक खपते, फोटोत नाही.

पिवळा आधी, हिरवा नंतर

लोटसच्या हिरव्या अंगावर पिवळा पट्टा आहे. किटमध्ये तो डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र) म्हणून दिला असेल तरी रंगवणं चांगलं. नाकाच्या गोलाईवर लांब डिकॅल सुरकुततो, आणि पातळ पिवळ्या डिकॅलखालून हिरवा डोकावतो. त्याच कारणाने हिरव्यावर पिवळा मारायचा नाही. पिवळा रंग झाकण्यात कमजोर. हिरवा झाकेपर्यंत इतके थर होतात की पट्ट्याची कड बोटाला लागते.

क्रम असा. राखाडी प्रायमर द्या, खड्डे-ओरखडे शोधून भरा, १००० च्या पेपरने ओलं घासा. मग पट्ट्याच्या जागी पांढरा प्रायमर, त्यावर पिवळ्याचे तीन पातळ थर. २४ तास थांबा. फोटोवरून पट्ट्याची रुंदी मोजा: टायरचा किंवा क्रमांकाच्या गोलाचा फोटोतला व्यास आणि मॉडेलवरचा व्यास यांच्या गुणोत्तरावरून ती निघते. तेवढ्या रुंदीची मास्किंग टेप नवीन पात्याने पोलादी पट्टीवर कापा. रोलची मूळ कड वापरू नका, ती धूळ खाऊन खडबडीत झालेली असते. टेप मधल्या रेघेवर लावल्यावर कडा लाकडी टूथपिकने दाबून घ्या.

यानंतरची एक पायरी बरेच जण गाळतात. हिरवा मारण्याआधी टेपच्या कडेवरून पुन्हा एक धुक्यासारखा पिवळ्याचा थर मारा. टेपखाली जो रंग झिरपायचा तो पिवळाच झिरपेल, फट बुजेल आणि हिरव्याला आत जायला वाट उरणार नाही.

हिरव्यासाठी एअरब्रशला ०.३ मिमी नोझल, १५ ते २० पीएसआय दाब, एक भाग लॅकर रंगाला दीड भाग लेव्हलिंग थिनर, आणि अंतर ८ ते १० सेंमी. पहिले दोन थर कोरडसर, खालचा रंग अर्धवट दिसेल एवढेच. मध्ये दहा-दहा मिनिटं. मग दोन ओले थर. शेवटच्या थरानंतर अर्ध्या तासाने टेप काढा, स्वतःवरच दुमडत, अगदी हळू. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवली तर कडेला रंगाचा वरंबा होतो. स्प्रे कॅन वापरत असाल तर कॅन कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवून घ्या आणि २० ते २५ सेंमीवरून मारा. कॅन गॅसजवळ नेऊ नका.

नेमका हिरवा कोणता, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. १९६७ च्या रंगीत फिल्ममध्ये एकच गाडी ढगाखाली काळपट आणि उन्हात गवती दिसते. गडद, निळसर न वाटणारा ब्रिटिश रेसिंग ग्रीन निवडा. छोट्या मॉडेलवर गडद रंग आणखी गडद दिसतो म्हणून थोडा उजळ करायचा असेल तर पिवळ्याचे थेंब घाला. पांढऱ्याने हिरवा दुधाळ होतो.

कोकण-मुंबईच्या जुलै-ऑगस्टमध्ये लॅकर मारण्याआधी हवेतली आर्द्रता बघा. ७० टक्क्यांच्या वर असेल तर थांबा. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि गडद हिरव्यावर पांढुरका धूर उमटतो. उमटलाच तर घासू नका. कोरड्या दिवशी त्यावरून नुसत्या लेव्हलिंग थिनरचा एक हलका थर मारला की वरचा रंग पुन्हा मोकळा होतो आणि बाष्प निघून जातं. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्रास उलटा: रंग वाटेतच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. तिथे सकाळी लवकर काम करा आणि रंगात पाच-दहा टक्के रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रव) घाला.

डिकॅल आणि चकाकी

जुन्या किटच्या डिकॅलचा कागद पिवळा पडला असेल तर तो प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून खिडकीच्या काचेला आतून, उन्हाकडे तोंड करून काही दिवस चिकटवा; पिवळेपणा बराच उतरतो. फार जुना डिकॅल पाण्यात तुकडे होतो. कागदाच्या कोपऱ्यातला नको असलेला तुकडा आधी बुडवून बघा. फुटला तर सगळ्या कागदावर क्लिअरचा एक थर द्या आणि मग प्रत्येक डिकॅल कडेलगत कापून वापरा.

क्रमांकाचा पांढरा गोल हिरव्यावर बसवताना खालचा हिरवा दिसतो. गोलाच्या आकाराचा पांढरा रंग आधी मारा, डिकॅलपेक्षा अर्धा मिमी लहान.

डिकॅल किमान ४८ तास सुकू द्या. क्लिअरचे पहिले दोन-तीन थर नुसते धुक्यासारखे. पहिल्याच थराला ओला लॅकर दिला तर डिकॅल आक्रसतो आणि त्याला भेगा जातात. मग दोन ओले थर, आणि मग आठवडाभर वाट. त्यानंतर २००० आणि ३००० चे पेपर पाण्यासोबत, शेवटी पॉलिशचं बारीक कंपाउंड मऊ सुती कापडावर. कडांवर आणि पॅनेलच्या टोकांवर घासू नका, तिथे थर सर्वात पातळ असतो. कडा नुसत्या कंपाउंडने चमकवा. या काळातल्या शर्यतीच्या गाड्या आजच्या शोरूममधल्या गाडीसारख्या आरसा नव्हत्या, म्हणून चकाकी थोडी कमी राहिली तरी बिघडत नाही.

इंजिन: वीसने भागा

डीएफव्ही हे २९९३ सीसीचं, ९० अंशातलं व्ही-८ इंजिन. मॉडेलमध्ये ते अंगठ्याएवढं होतं, आणि बाजारात ‘स्पार्क प्लगची वायर’ म्हणून मिळणारी ०.५ किंवा ०.६ मिमीची वायर त्यावर बागेच्या पाइपसारखी दिसते. उपाय एकच: मूळ जाडी शोधा, भागा, आणि त्या जाडीची तार मिळवा.

- स्पार्क प्लगची वायर मूळ ७ मिमी, मॉडेलमध्ये ०.३५ मिमी. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळणारी २९ गेजची इनॅमल्ड तांब्याची तार ०.३४५ मिमीची असते. मीटरभर घेतली तरी दोन इंजिनं होतात.
- ब्रेकची धातूची नळी ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिमी, मॉडेलमध्ये ०.२४. इंजेक्टरच्या इंधननळ्याही साधारण याच जाडीच्या. इथे ३३ गेजची तार, ०.२५ मिमी.
- साधारण २० मिमीची ऑइलची रबरी नळी, मॉडेलमध्ये १ मिमी. लॅन केबलच्या आतल्या एका तारेचं प्लास्टिकचं आवरण जवळपास तेवढंच भरतं. आतली तार तशीच ठेवली तर वाकवलेला आकार टिकतो.
- सरळ, ताठ दांड्यांना सतारीची बाजाची पोलादी तार, ०.३० मिमी. मिरजेचा हा माल मॉडेलच्या दुकानातल्या तारेइतकाच उपयोगी. मात्र पोलादी तार चांगल्या कटरने कापू नका, धारेला खाच पडते.

वायरीचे आकडे डोळ्यांवर सोडू नका, कॅलिपरने मोजा. रंगाच्या थराने ०.०५ मिमी वाढतात तेही धरा.

तारकामाचा क्रम महत्त्वाचा. डिस्ट्रिब्युटर (प्लगना वीज वाटणारा भाग) आणि इंधनाचं मीटरिंग युनिट (इंधन मोजून सोडणारा भाग) व्ही आकाराच्या खोबणीत, इनटेकच्या तुताऱ्यांच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या नळ्यांच्या, मध्ये-खाली आहेत. तुताऱ्या आधी चिकटवल्या तर चिमटा आत जात नाही. म्हणून डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ०.४ मिमीची आठ भोकं, साधारण १ मिमी खोल, टोपी स्प्रूवर असतानाच पाडा. आठ वायरी बाहेरच सुपरग्लूच्या अगदी लहान थेंबाने चिकटवा. थेंब सुईच्या टोकाने लावा. मग टोपी जागेवर बसवा, वायरी दोन्ही बाजूंना वळवा, आणि त्यानंतर तुताऱ्या.

वायरी कुठून कुठे जातात? एका बाजूला १ ते ४ आणि दुसऱ्या बाजूला ५ ते ८ सिलिंडर, आणि फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-८-३-६-४-५-२-७. म्हणजे टोपीवरच्या शेजारशेजारच्या वायरी आळीपाळीने डाव्या-उजव्या बाजूला जातात. एका अर्ध्या टोपीच्या चारही वायरी एकाच बाजूला नेल्या की चित्र सुबक दिसतं पण इंजिन चुकीचं होतं. प्लग प्रत्येक हेडमध्ये दोन कॅमशाफ्टच्या मध्ये बसतात, तिथे ०.४ मिमीची चार-चार भोकं. प्लगच्या रबरी टोपीसाठी २१ गेजच्या नव्या इंजेक्शनच्या सुईचे १ मिमी लांबीचे तुकडे घ्या: बाहेरून ०.८२ मिमी, आतून ०.५१, त्यातून वायर आरामात जाते. सुई चिमट्याने तोडली तर तोंड चेपतं. फिरत्या कटिंग डिस्कने कापा आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा. तुकडे उडतात, तेव्हा कापताना दुसरं टोक चिकणमातीत रोवून ठेवा.

वायर प्लगपर्यंत ताठ सरळ रेषेत जाऊ देऊ नका. खऱ्या रबरी वायरीला वजन आणि झोल असतो. ब्रशच्या दांड्यावर हलका बाक देऊन मग बसवा, आणि एका बाजूच्या चार वायरी समांतर ठेवा.

इनटेकच्या तुताऱ्यांच्या कडा किटमध्ये जाड येतात. आतून गोल टोकाच्या बिटने किंवा चाकूच्या टोकाने तिरप्या तासून कड ०.१ मिमीच्या आसपास आणा. बाहेरून जाडी तीच राहिली तरी वरून बघणाऱ्याला पत्रा दिसतो. आतला भाग धातूचा, फक्त तळाशी काळा.

क्लॅम्पसाठी चिकट अ‍ॅल्युमिनियम टेपच्या ०.५ मिमी पट्ट्या कापा. चकाकत्या जाळीच्या नळ्या सगळीकडे लावण्याचा मोह आवरा. जुन्या फोटोत जिथे जाळी दिसते तिथेच ती; बाकी नळ्या रबरी, म्हणजे निमचकाक काळ्या. काळा म्हणजे शुद्ध काळा नव्हे, त्यात दहावा भाग राखाडी.

एक्झॉस्ट

प्रत्येक बाजूच्या चार नळ्या मिळून एक शेपटी होते. जोडाच्या रेषा भरून, घासून, चकाकत्या काळ्यावर स्टीलचा धातुरंग मारा. तापल्याच्या छटा द्यायच्या तर उष्णतेचा क्रम समजून घ्या. साधं पोलाद तापत जातं तसं आधी गवती पिवळं, मग जांभळं, सुमारे ३०० अंश सेल्सियसला निळं होतं आणि त्यापुढे राखाडी. त्यामुळे हेडजवळ, जिथे नळी सर्वात गरम, तिथे निळा चुकीचा, तिथे करडा-तपकिरी. निळ्या-जांभळ्याचा मागमूस त्याच्या पुढे, पारदर्शक रंगाने, इतका पातळ की उजेड बदलल्यावरच दिसावा. सगळी नळी इंद्रधनुष्यासारखी करणं ही आजच्या प्रदर्शनी गाड्यांची सवय.

चाकं, कॉकपिट, काच

टायरच्या मधली साच्याची रेघ काढायला टायर ड्रिलच्या दांड्यावर चढवून कमी वेगात ४०० च्या पेपरवर फिरवा. त्याच झटक्यात चकाकीही जाते आणि वापरलेल्या रबरासारखं दिसतं. फायरस्टोनची अक्षरं लावायची बाजू घासू नका. जुन्या किटचे व्हिनाइलचे टायर प्लास्टिकच्या रिमला हळूहळू मऊ करतात, कारण टायरमधलं मऊ ठेवणारं तेल पॉलिस्टायरीनमध्ये उतरतं. रिमला रंग आणि वर अ‍ॅक्रिलिक क्लिअरचा थर देऊन मगच टायर चढवा.

कॉकपिटचा आतला भाग अ‍ॅल्युमिनियमचा, मंद. त्यावर पातळ काळ्या-तपकिरी रंगाचा एक वॉश पुरे. डायलच्या आकड्यांवर क्लिअरचा एक थेंब टाकला की काच होते.

विंडस्क्रीन किटमध्ये अनेकदा ०.८ ते १ मिमी जाड, म्हणजे मूळ गाडीत १६ ते २० मिमी! वरची दिसणारी कड १००० च्या पेपरने आतून तिरकी तासा आणि पॉलिश करा. वाक फारसा दुहेरी नसेल तर ०.१ मिमीच्या पारदर्शक ओएचपी शीटमधून नवी कापणं आणखी चांगलं: किटच्या काचेवर टेप लावून तिचा आकार उतरवून घ्या. चिकटवायला फक्त फेव्हिकॉल. सुपरग्लूच्या वाफा काचेवर पांढरा डाग धरतात आणि तो जात नाही.

माखणं आणि ठेवणं

शर्यतीच्या सुरुवातीची गाडी करत असाल तर ती स्वच्छ असते. शेवटची असेल तर गिअरबॉक्सच्या सांध्यांभोवती तेलाची ओल, मागच्या चाकांच्या मागे रबराचे कण आणि नाकावर थोडी धूळ. झांडव्होर्ट समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांत आहे, त्यामुळे धूळ फिकट पिवळसर. लाल माती तिथली नव्हे. गंज कुठेही नको, या गाड्यांना गंज धरायला वेळच मिळत नसे.

मॉडेल फळीवर स्क्रूने पक्कं करा. स्क्रूचं भोक मोनोकॉकच्या तळाला रंग देण्याआधी पाडून ठेवलेलं असावं, आणि आतून नटाला इपॉक्सीत बसवून. शोकेस बंद असली तरी पावसाळ्यात त्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा आणि महिन्याने बदला. कपाटात ठेवतो तशा डांबरगोळ्या मात्र आत टाकू नका. नॅफ्थलीनच्या वाफेने पॉलिस्टायरीन मऊ पडतं आणि चकाकी जाते.